मोबदला शब्दांचा नाही

घरबसल्या ऑनलाइन लिहून जोडउत्पन्न मिळवावं असं ठरवलेल्या माणसाच्या कानावर पहिला भाव पडतो तो शब्दाचा. शब्दाला 40 पैसे, 50 पैसे, हात बसला की रुपया. वरवर पाहता यात नुकसान दिसत नाही, कारण शब्द काही विकत आणावे लागत नाहीत. पण एकदा हिशेब मांडून पाहू. सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅक रोगावर 1,000 शब्दांचा मराठी लेख हवा आहे, दर 50 पैसे, म्हणजे एकूण 500 रुपये. माहिती शोधून ती दोन ठिकाणी पडताळायला दोन तास, लिहायला अडीच तास, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी वाचून सुधारायला एक तास आणि काम देणाऱ्याशी बोलणं, त्याच्या दुरुस्त्या, फाइल पाठवणं यात अर्धा तास. सहा तास झाले. तासाला 83 रुपये पडले, आणि त्यातून वीज, इंटरनेट आणि डोळ्यांचा शीण वजा व्हायचा आहे. आता हाच लेख दुसऱ्या कुणी चार ठिकाणचे परिच्छेद उचलून, शब्द इकडेतिकडे करून दोन तासांत उरकला, तर त्याला तासाला 250 रुपये सुटतात. पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग आहे आणि तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो, हे न पाहता त्याने बुरशीनाशक फवारायचा सल्ला दिला, तरी त्याच्या बिलात फरक पडत नाही. पहिल्या लेखकाने मात्र मजकूर आवळून 600 शब्दांत नेटका केला, तर त्याचे 200 रुपये जातात. शब्दावरचा भाव पडताळणीला पैसे देत नाही, काटछाटीला दंड करतो आणि फापटपसाऱ्याला बक्षीस देतो.

या प्रकरणातलं माझं म्हणणं एवढंच आहे, की ऑनलाइन लेखनातून वरकड उत्पन्न मिळतं, ते मराठी माणसाला मराठीतूनही मिळतं, पण शब्द हे विकायचं एकक धरून बसलं तर ते टिकत नाही. विकायचं असतं ते विषयाचं ज्ञान, त्याची जबाबदारी आणि भाषेची पक्की जाण. या तिन्ही गोष्टी शब्दसंख्येत मोजता येत नाहीत. हे मान्य केलं की कुठलं काम घ्यायचं, किती मागायचे आणि कशाला नाही म्हणायचं, ही पुढची सगळी गणितं बदलतात.

शब्दावरचा भाव आला कुठून, हे पाहिलं की त्यातली गोम कळते. कचेरीबाहेर बसणारा टंकलेखक पानावर पैसे घेतो आणि ते रास्तच आहे. मजकूर पक्षकाराचा किंवा वकिलाचा असतो, टंकलेखकाची मेहनत पानागणिक जवळपास सारखी असते. इंटरनेटवरच्या लेखनाला हेच माप लागलं ते वेगळ्या कारणाने. गूगलच्या शोधात आपलं पान वर दिसावं यासाठी शेकडो संकेतस्थळांना रोज नवा मजकूर हवा होता. तो कुणी वाचतो की नाही यापेक्षा तो तिथे असणं महत्त्वाचं होतं. त्यातून मजकुराचे अक्षरशः कारखाने उभे राहिले. गूगलने फेब्रुवारी 2011 मध्ये 'पांडा' नावाचा बदल आणून अशा उथळ पानांना खाली ढकललं, आणि मार्च 2024 मध्ये तर स्पष्ट धोरणच केलं, की केवळ शोधात वर येण्यासाठी घाऊक तयार केलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, कारवाईला पात्र ठरेल. म्हणजे ज्या मालासाठी शब्दाचा भाव ठरला, त्या मालाची किंमत खुद्द बाजाराच्या दारवानानेच दोनदा उतरवली. आपल्याकडे मात्र माल गेला तरी माप तसंच राहिलं.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली, ती सगळ्यांना ठाऊक आहे. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी खुलं झालं. त्याचा लेखनाच्या कामांवर काय परिणाम झाला याबद्दल अंदाज बांधत बसायची गरज नाही, कारण मोजमापं झालेली आहेत. अमेरिकेतल्या संशोधकांनी अपवर्क या ऑनलाइन कामांच्या मंचावरच्या नोंदी तपासल्या तेव्हा लेखनाशी संबंधित कामं करणाऱ्यांना मिळणारी महिन्याची कामं सुमारे 2 टक्क्यांनी आणि त्यांची कमाई सुमारे 5 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, आणि तेही पहिल्या काही महिन्यांतच. दुसऱ्या एका अभ्यासात आठ महिन्यांच्या आत लेखन आणि प्रोग्रामिंग यांसारख्या कामांच्या जाहिराती, यंत्राची झळ कमी बसणाऱ्या कामांच्या तुलनेत, 21 टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं. पहिल्या अभ्यासातला एक निष्कर्ष प्रत्येक होतकरू लेखकाने नीट समजून घ्यायला हवा. ज्यांचा लौकिक चांगला होता, ज्यांना आधी उत्तम शेरे मिळाले होते, त्यांनाही या घसरणीपासून संरक्षण मिळालं नाही.

हा निष्कर्ष आपल्या एका आवडत्या समजुतीच्या विरोधात जातो. चांगलं लिहिणाऱ्याला मरण नाही, असं आपण म्हणतो. पण 'चांगलं' याचा अर्थ शुद्ध, ओघवतं आणि मुद्देसूद एवढाच घेतला, तर ते आता यंत्रालाही बऱ्यापैकी जमतं. मग यंत्र असताना माणसाला पैसे कोण देणार, हा आक्षेप टाळून चालणार नाही. त्याचं उत्तर त्या सोयाबीनच्या लेखातच आहे. ज्या कृषी सेवा केंद्राला तो लेख आपल्या गिऱ्हाइकांना पाठवायचा आहे, त्याला ओघवती भाषा दुय्यम आहे. त्यात सांगितलेली उपाययोजना चुकली तर शेतकऱ्याचे फवारणीचे पैसे आणि हंगाम दोन्ही जातात, आणि केंद्राची पत जाते. कृषी पदविका घेतलेला आणि दिवसा दुसरीकडे नोकरी करणारा माणूस 'रोगट झाडं उपटून नष्ट करा, पिवळे चिकट सापळे लावा, पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करा' हे खात्रीने लिहितो, आणि त्याखाली स्वतःचं नाव घालायला तयार असतो. यंत्राला नाव घालता येत नाही. त्याने दिलेल्या सल्ल्याचा जाब विचारायला शेतकरी कुणाकडे जाणार? कंपन्या पैसे मोजतात ते या जबाबदारीसाठी, आणि म्हणूनच परिचारिका, लेखापाल, शिक्षक, औषध विक्रेते, वीज कंपनीतले अभियंते यांच्याकडे नुसत्या 'लेखना'ची आवड असणाऱ्यापेक्षा विकण्यासारखं जास्त असतं. जोडउत्पन्नासाठी लिहायचं तर आपल्या मुख्य कामापासून पळून नव्हे, त्यातूनच लिहावं.

भाषेची पक्की जाण म्हणजे काय, हेही जरा जवळून पाहू, कारण मराठी लेखकाचं खरं भांडवल तिथे आहे. एखाद्या पार्सल कंपनीच्या ॲपमध्ये इंग्रजीत सहा शब्दांची ओळ असते: तुमचं पार्सल अमुक शहरात पोहोचलं आहे. शहराच्या नावाच्या जागी रिकामी चौकट असते आणि संगणक तिथे नाव भरतो. अनुवादकाने चौकटीला 'मध्ये' जोडून दिलं की काम झालं असं वाटतं. मग गिऱ्हाइकाच्या फोनवर येतं: 'पुणेमध्ये', 'सातारामध्ये', 'धुळेमध्ये'. मराठी माणूस पुण्यात, साताऱ्यात आणि धुळ्यात राहतो, इतकंच काय, सोलापूरचा ऱ्हस्व-दीर्घही 'सोलापुरात' म्हणताना बदलतो. नामाचं सामान्यरूप होतं ही गोष्ट आपण शाळेत पाठ करून विसरतो, पण संगणकाच्या चौकटीत शहराचं नाव बदलता येत नाही, म्हणून वाक्यच बदलावं लागतं: 'पार्सल पोहोचलं. ठिकाण: सातारा'. तीच गत 'अमुक गटात सामील झाला' या ओळीची. नाव बाईचं असेल तर 'झाली', आदराने म्हणायचं तर 'झाले' किंवा 'झाल्या'. चार रूपं आणि चौकट एकच. जाणता लेखक तिथे 'नवे सदस्य: अमुक' असं लिहून मोकळा होतो. या दोन ओळी सुचायला वीस मिनिटं लागतात. शब्दाला दीड रुपया धरला तर सहा शब्दांच्या ओळीचे नऊ रुपये होतात. लाखो लोकांच्या फोनवर वर्षानुवर्षं दिसणारी ओळ नऊ रुपयांत घडत नसते. असं काम तासावर किंवा एकरकमी घ्यायचं असतं.

अनुवादात शब्दावर भाव घेण्याची रूढी मोठ्या संस्थांमध्येही आहे आणि ती नव्या माणसाला एकदम मोडता येत नाही, हे खरं. मग निदान शब्द कुठले मोजायचे हे तरी आपण ठरवावं. मराठीत शब्दयोगी अव्ययं आणि प्रत्यय नामाला चिकटतात. 'गावातल्यांसाठी' हा आपला एक शब्द. इंग्रजीत तेच सांगायला सहा लागतात. 'तुमच्या खात्यात पैसे जमा झालेत का' हे आपले सहा शब्द, इंग्रजीतले आठ. म्हणजे अनुवाद जितका अस्सल मराठी, तितकी शब्दसंख्या कमी, आणि जितका इंग्रजीच्या सांगाड्यावर बेतलेला, 'च्या द्वारे', 'च्या संदर्भात', 'करण्यात येत आहे' यांनी फुगलेला, तितकं बिल मोठं. मूळ 10,000 शब्दांचा मजकूर मराठीत समजा 8,000 शब्दांत बसला, तर दीड रुपया दराने 3,000 रुपयांचा फरक पडतो. म्हणून इंग्रजीतून मराठीत येताना मोजणी मूळ मजकुराची, हे काम घेण्याआधी लेखी ठरवून घ्यावं. ही अट कुणाला जाचक वाटत नाही. मूळ मजकूर आधीच हातात असल्यामुळे काम देणाऱ्यालाही खर्च आधी कळतो.

यावर दुसरा आक्षेप ठरलेला आहे: मराठीत पैसाच नाही, लिहायचं तर इंग्रजीत लिहावं, डॉलर मिळतात. डॉलर मिळतात हे खोटं नाही. इंग्रजी उत्तम असेल आणि विषय पक्का असेल तर जरूर लिहावं. पण इंग्रजीतल्या सर्वसाधारण लेखनात आपली स्पर्धा मनिलापासून नैरोबीपर्यंतच्या माणसांशी असते, आणि यंत्र सर्वांत सफाईने लिहितं तेही इंग्रजीच. मराठीचा बाजार लहान आहे, पण तो वाटतो तितका रिकामा नाही. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख लोक होते. देशात हिंदी आणि बांगलानंतर तिसरा क्रमांक. इतक्या लोकांना औषध, बियाणं, विमा, कर्ज विकणाऱ्याला त्यांच्या भाषेत बोलावंच लागतं, आणि कित्येक ठिकाणी कायदाच ते करायला लावतो. नव्या औषधांच्या चाचण्यांविषयीचे 2019 चे नियम सांगतात, की सहभागी होणाऱ्या माणसाची संमती त्याला समजेल अशा भाषेत घेतली पाहिजे. कीटकनाशकांची माहितीपत्रकं प्रादेशिक भाषांतही असावीत, ही तरतूद 1971 च्या नियमांत आहे. ही कामं दिवाळी अंकातल्या कथेसारखी नावाजली जात नाहीत. त्यांच्यामुळे लेखकाचं नाव होत नाही, पण त्यांना जाणकार माणूस लागतो आणि त्यांची गरज दरवर्षी पडते.

संमतीपत्राचंच उदाहरण घ्या. मूळ इंग्रजी वाक्याचा अर्थ असतो, की तुम्ही या चाचणीतून केव्हाही माघार घेऊ शकता आणि त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही. 'माघार घेणे' आणि बँकेतून पैसे 'काढणे' यांना इंग्रजीत शब्द एकच. घाईत केलेल्या किंवा यंत्राने केलेल्या अनुवादात 'तुम्ही केव्हाही काढू शकता' असं येऊ शकतं, आणि मग ज्या रुग्णाला खरोखर थांबायचं आहे त्याला आपला हक्कच कळत नाही. म्हणून अशा कामात मराठी मजकूर दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत उलटा करून मूळ मजकुराशी ताडून पाहायची पद्धत आहे. पहिला अनुवाद, उलट अनुवाद, दोन्हींची जुळणी आणि शेवटी प्रमाणपत्रावर सही, असं हे चार टप्प्यांचं काम. वैद्यकीय पार्श्वभूमी असलेल्या मराठी माणसाला यातल्या कुठल्याही टप्प्यावर जागा आहे.

गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी 2013 पासून आहे आणि 2017 मध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांचं यंत्रभाषांतर नव्या पद्धतीवर गेलं, तेव्हापासून ते बरंच सुधारलं आहे. त्यामुळे आता काम देणारे अनेकदा म्हणतात, 'यंत्राने केलेलंच आहे, तुम्ही फक्त तपासा', आणि दर निम्म्यावर आणतात. इथे फसगत होते ती 'फक्त' या शब्दाने. यंत्राची चूक ओबडधोबड असते तेव्हा ती लगेच सापडते. ती सफाईदार असते तेव्हा प्रत्येक वाक्य मूळ मजकुराशी ताडल्याशिवाय सापडत नाही. असं काम घ्यायचंच नाही असं मी म्हणत नाही. आधी त्यातली दोन पानं तपासून पाहावीत, घड्याळ लावून वेळ मोजावा आणि त्या वेळेवर दर सांगावा. सरळसोट नोटीस असेल तर वेळ खरंच निम्मा लागेल. संमतीपत्र असेल तर नव्याने लिहिण्याइतका लागेल, मग दरही तितकाच असायला हवा.

काम मिळवायचं कुठून, हा प्रश्न लोक आधी विचारतात. मी तो मुद्दाम मागे ठेवला, कारण काय विकायचं हे ठरल्याशिवाय त्याला अर्थ नाही. अपवर्क, फायव्हर यांसारखे मंच सगळ्यांना माहीत असतात. त्यांचा खर्च मात्र आधी समजून घ्यावा. फायव्हर लेखकाच्या कमाईतून 20 टक्के कापतं, म्हणजे 5,000 चं काम हातात 4,000 रुपयांचं होतं, आणि पैसे देशात आणताना विनिमय शुल्क लागतं ते वेगळं. अपवर्कवर पूर्वी एका गिऱ्हाइकाकडून मिळालेल्या पहिल्या 500 डॉलरवर 20 टक्के कापले जात. 2023 मध्ये ते सरसकट 10 टक्के झाले आणि 2025 पासून कामागणिक शून्य ते 15 टक्के. शिवाय तिथे कामासाठी अर्ज करायलाच 'कनेक्ट' विकत घ्यावे लागतात, ते काम न मिळाल्यास बहुधा बुडीत. जगातल्या अशा ऑनलाइन कामांना मनुष्यबळ पुरवणाऱ्या देशांत ऑक्सफर्डच्या निर्देशांकानुसार भारत सर्वांत पुढे आहे. म्हणजे एका जाहिरातीवर अर्ज करणाऱ्यांत आपलेच लोक एकमेकांचा भाव पाडत असतात. ज्याच्याकडे दिवसाचा दीड तासच आहे, त्याने तो वेळ अर्ज खरडण्यात घालवणं मला परवडणारं वाटत नाही. त्याने आपल्या व्यवसायातल्या दहा संस्था शोधाव्यात, त्यांच्या मराठी संकेतस्थळावरचं किंवा माहितीपत्रकातलं एक पान घ्यावं, ते कसं असायला हवं होतं हे लिहून पाठवावं आणि खाली दर लिहावा. दहापैकी आठजण उत्तर देणार नाहीत असं गृहीत धरलं, तरी उरलेल्या दोघांकडून दर महिन्याला काम येऊ शकतं. जोडउत्पन्नाला तेवढं पुरतं.

कथा, कादंबरी, ब्लॉग यांतून मिळणारं उत्पन्न ही निराळी गोष्ट. 2014 मध्ये सुरू झालेल्या प्रतिलिपीवर मराठी कथा वाचकांकडून थेट पैसे मिळवू शकतात, गूगलच्या ॲडसेन्स जाहिराती मराठी पानांवरही चालतात, स्टोरीटेलमुळे ऐकण्याच्या साहित्याला जागा झाली. या वाटा चांगल्या आहेत, पण तिथे वाचक जमायला वेळ लागतो आणि किती जमेल ते सांगता येत नाही. घरभाड्याला हातभार लावायचा असेल तर त्यांवर विसंबू नये.

आता पैसे मागण्याविषयी. आपल्याकडे लेखनाच्या पैशाला 'मानधन' म्हणतात. शब्द सुंदर आहे. तो मासिकांच्या आणि व्याख्यानमालांच्या जगातून आला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक 1909 मध्ये काढला, तेव्हापासूनच्या शतकभरात मराठी लेखकाने नोकरी सांभाळून, शाळा सांभाळून लिहिलं आणि जे पाकीट हातात पडलं ते मानाने घेतलं. मान म्हणून दिलेल्या धनाची घासाघीस करायची नसते, ते उशिरा आलं तर विचारायचं नसतं. हा संकोच अंगात इतका मुरला आहे, की एखाद्या व्यापारी कंपनीसाठी जाहिरातीचा मजकूर लिहितानाही आपण 'मानधन किती देता' असं विचारतो आणि समोरचा सांगेल ते घेतो. तिथे मान देण्याघेण्याचा प्रश्नच नसतो. तो मोबदला आहे. सुतार टेबलाचे पैसे सांगतो तसे ते आपण सांगायचे. काम किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, मजकूर कधी मिळणार, पैसे कधी मिळणार, आणि काम मध्येच रद्द झालं तर किती देणं लागेल, हे पाच मुद्दे एका ईमेलमध्ये लिहून समोरच्याचा होकार घ्यावा. दोनच फेऱ्या दरात धरल्या आहेत असं लिहिलं, की तिसऱ्या फेरीचे पैसे मागताना भांडण होत नाही.

'एवढं सगळं लिहून मागितलं तर काम जाईल' ही भीती खरी आहे, आणि काही कामं जातीलही. पण कायदा लेखकाच्या बाजूने किती आहे हे फारसं कुणी सांगत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेला, स्वतंत्रपणे लिहिणारा माणूस हाच साधारणपणे आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी, सहीचा करार लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो. थकलेल्या पैशांसाठी 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. घरून लेखन-अनुवादाची सेवा देणारा माणूसही 'उद्यम' पोर्टलवर फुकट नोंदणी करू शकतो. ही नोंदणी काम घेण्याआधी केलेली असावी. नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे कमाल 45 दिवसांत देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे; उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. बिलावर उद्यम क्रमांक आणि 45 दिवसांची अट छापलेली असली, तर लेखा विभागातल्या माणसालाही ते बिल बाजूला सारणं कठीण जातं.

जिथे पैसे आधी भरायला सांगतात, तिथे मात्र पाऊलही टाकू नये. घरबसल्या टायपिंगच्या नावाखाली एक ठरलेली लबाडी चालते. शे-दीडशे पानांच्या अस्पष्ट प्रतिमा टंकित करायला देतात, त्याआधी ऑनलाइन 'करारा'वर सही घेतात, मग 'अचूकता 90 टक्क्यांहून कमी' असा अहवाल पाठवून कराराचा भंग झाला म्हणतात आणि वकिलाच्या नावाने नोटीस धाडून हजारो रुपये मागतात. घाबरून पैसे भरणारे बहुतेक गृहिणी आणि विद्यार्थी असतात. अशी नोटीस आली तर एक पैसाही देऊ नये, पुरावे जपून ठेवावेत आणि 1930 या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. खरं काम देणारा लेखकाला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही.

कराचं थोडक्यात सांगतो. नोकरी करून लिहिणाऱ्याचं लेखनाचं उत्पन्न व्यवसायाचं उत्पन्न ठरतं, त्यामुळे पगारदारांचं सोपं विवरणपत्र चालत नाही. कंपन्या बहुधा 10 टक्के कर कापून पैसे देतात. वर्षभरात एकाच कंपनीकडून 50,000 रुपयांपर्यंतच मिळाले तर तो कापला जात नाही, मात्र उत्पन्न दाखवावं लागतंच. वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी 1979 चे वर्तणूक नियम वाचावेत: अधूनमधून केलेल्या साहित्यिक लेखनाला तिथे सवलत आहे, नियमित व्यावसायिक कामाला आधी परवानगी हवी. खासगी नोकरीत नेमणूकपत्रातली कलमं पाहावीत.

राहता राहिला दर. तो ठरवायला बाजारातल्या कुणाचा आकडा विचारू नये. पहिले दोन महिने एक साधी वही ठेवावी आणि प्रत्येक कामासमोर चार रकाने करावेत: शोधायला लागलेला वेळ, लिहायला लागलेला, बोलण्यात आणि दुरुस्त्यांत गेलेला, आणि हातात पडलेले पैसे. महिन्याअखेरीला तासाचा आकडा काढला की चित्र उलटं दिसतं. ज्याचा दर जास्त वाटत होता ते काम पाच फेऱ्या खाऊन तासाला 90 रुपयांवर आलेलं असतं, आणि कंटाळवाणं म्हणून टाळत होतो ते विम्याच्या कागदांचं काम 400 वर. सोयाबीनचा तो लेख घेऊन त्याच कृषी केंद्राकडे परत जाता येतं. या वेळी 1,000 शब्दांचा लेख द्यायचा नाही. द्यायचं ते एका पानाचं पत्रक: रोगट पानाचा फोटो, पांढऱ्या माशीचा फोटो, काय करायचं याच्या पाच ओळी, काय करू नये याच्या दोन, खाली माहिती देणाऱ्याचं नाव आणि पदविका. जेमतेम 150 शब्द. पिकागणिक हंगामाआधी असं एक, वर्षाला एकूण आठ, दरवर्षी सुधारून. दर पत्रकाचा, मुदत तीन वर्षांची, पैसे 30 दिवसांत.